नैराश्य ओसरले, झोप मात्र परतली नाही: तिच्यावर वेगळा उपचार करावा का?

प्रश्न: साडेतीनची जाग

गेले चौदा महिने माझ्यावर नैराश्याचे उपचार सुरू आहेत. एस्सिटालोप्रामची गोळी नियमित चालू आहे आणि पहिले सहा महिने समुपदेशनही झाले. उपचारांचा गुण आला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कामात लक्ष लागते, माणसांत जावेसे वाटते आणि सकाळी डोळे उघडताच छातीवर दगड ठेवल्यासारखे जे वाटायचे, ते आता वाटत नाही. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर सुरुवातीला माझे १९ गुण होते. गेल्या महिन्यात ते ६ वर आले. डॉक्टरांनी कागद पाहून समाधान व्यक्त केले. मी तो कागद घरी आणून पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की त्या ६ पैकी ३ गुण एकट्या तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे झोपेचे आहेत, २ थकव्याचे आहेत आणि उरलेला १ एकाग्रतेचा आहे. म्हणजे माझा जो काही आजार शिल्लक आहे, तो जवळजवळ सगळा रात्रीचाच आहे.

रात्री दहाच्या आत मी अंथरुणाला पाठ टेकतो. डोळा लागायला कधी वीस मिनिटे लागतात, कधी सव्वा तास. पहाटे साडेतीनच्या आसपास जाग येते आणि मग उजाडेपर्यंत नुसती कूस बदलत राहावी लागते. मध्यंतरी क्लोनाझेपामची अर्धी गोळी दिली होती. ती घेतली की झोप लागते, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके जड राहते, म्हणून ती मी रोज घेत नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे की निद्रानाश हे नैराश्याचेच लक्षण आहे आणि मूळ आजार पुरता गेला की झोप आपोआप येईल.

माझा प्रश्न संशोधनाविषयी आहे. झोप हे केवळ लक्षण आहे, की तो स्वतंत्र आजार मानून त्यावर वेगळा उपचार करावा, याबाबत आजवर काय हाती लागले आहे? आणि झोप सुधारल्याने नैराश्य पुन्हा उलटण्याचा धोका खरोखर कमी होतो का? दूध पिऊन झोपा, मोबाइल दूर ठेवा, हे सल्ले कृपया नकोत. ते सगळे करून झाले आहे.

---

उत्तर: निद्रालेख

आपण विचारलेला प्रश्न मानसोपचारात बराच काळ वादाचा होता आणि आपल्या डॉक्टरांनी दिलेले उत्तर हे त्या वादातले जुने, पण अजूनही सर्रास ऐकू येणारे उत्तर आहे. मी रुग्ण तपासत नाही; मानसिक आरोग्यावरील चाचण्यांच्या नोंदी ठेवणे आणि त्यांचे विश्लेषण करणे हे माझे काम आहे. त्यामुळे पुढचे सारे संशोधनापुरते समजावे.

पूर्वी निद्रानाशाचे ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ असे दोन भाग करत असत. नैराश्य, चिंता किंवा एखादे शारीरिक दुखणे असले की झोपेची तक्रार दुय्यम ठरे, आणि दुय्यम ठरली की तिच्याकडे कुणी स्वतंत्रपणे पाहत नसे. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत ‘दुय्यम’ हा शब्द टाळून ‘सोबतचा’ निद्रानाश म्हणावे, असे ठरले. कारण कोणता आजार आधी आणि कोणता नंतर हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी संहितेत तर २०१३ मध्ये तो भेदच काढून टाकण्यात आला. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने, झोपेसाठी पुरेसा वेळ आणि संधी असूनही झोप लागत किंवा टिकत नसेल आणि त्यामुळे दिवस बिघडत असेल, तर सोबत नैराश्य असो वा नसो, निद्रानाश या आजाराचे निदान स्वतंत्रपणे करता येते. आपण सांगितलेले वर्णन या चौकटीत बसण्यासारखे दिसते.

हा बदल केवळ शब्दांचा नव्हता. १९८९ साली डॅनिएल फोर्ड आणि डग्लस कॅमरो यांनी ७,९५४ लोकांना झोपेविषयी आणि मानसिक तक्रारींविषयी विचारले आणि वर्षभराने त्यांच्याकडे पुन्हा तीच चौकशी केली. दोन्ही वेळा निद्रानाश असणाऱ्यांमध्ये त्या वर्षात नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले; पण मधल्या काळात ज्यांची झोप पूर्ववत झाली होती, त्यांच्यात हा धोका बराच खाली आला होता. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या १,०५३ वैद्यकीय विद्यार्थ्यांचा सुमारे ३४ वर्षे मागोवा घेतला गेला. विद्यार्थिदशेत निद्रानाशाची तक्रार करणाऱ्यांना पुढील आयुष्यात नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला. २०११ मध्ये अशा २१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हाही आकडा दुपटीच्या आसपासच आला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आधी झोप गेली आणि मग नैराश्य आले, एवढ्यावरून झोपेमुळे नैराश्य आले असे सिद्ध होत नाही. येऊ घातलेल्या नैराश्याची ती पहिली चाहूलही असू शकते. हा पेच सोडवायचा तर झोप मुद्दाम सुधारून पाहावी लागते आणि मग मनाचे काय होते ते मोजावे लागते. अशा चाचण्या गेल्या वीस वर्षांत झाल्या आहेत, आणि त्यांचे निकाल, खरे सांगायचे तर, वर्तमानपत्री मथळ्यांइतके सरळ नाहीत.

२००८ मध्ये रेचेल मॅनबर यांच्या गटाने नैराश्य आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या ३० जणांना एस्सिटालोप्रामच दिले. त्यातील निम्म्यांना जोडीला निद्रानाशासाठीचा संज्ञानात्मक वर्तन उपचार, ज्याला सगळे सीबीटी-आय म्हणतात, तो दिला आणि उरलेल्यांना त्याच्याशी मिळताजुळता दिसणारा तुलनेचा उपचार दिला. पहिल्या गटात ६१.५ टक्के लोक नैराश्यातून पूर्ण बाहेर आले, दुसऱ्या गटात ३३.३ टक्के. पण तीस जणांत एक-दोन माणसे इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी पालटते. त्याच गटाने पुढे १५० जणांवर मोठी चाचणी केली. तिचा निकाल २०१६ साली आला आणि त्यात नैराश्याच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. झोप मात्र सीबीटी-आयने अधिक सुधारली, आणि ज्यांची झोप सुधारली त्यांचे नैराश्य ओसरण्याची शक्यता वाढलेली दिसली. त्यामुळे ‘झोप दुरुस्त करा, नैराश्य जाईल’ असे जे सांगितले जाते, त्याला माझी मान्यता नाही. ‘नैराश्य जाऊ द्या, झोप आपोआप येईल’ हेही तितकेच कच्चे विधान आहे. १९९९ च्या एका अभ्यासात फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरील औषधाला उत्तम प्रतिसाद दिलेल्या रुग्णांमध्येही ४४ टक्के जणांची झोपेची तक्रार शिल्लक होती आणि ३८ टक्क्यांचा थकवा. आपल्या कागदावरचे तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे गुण हे त्याच चित्राचा भाग आहेत.

आता उलटण्याच्या धोक्याविषयी. याबाबत सर्वांत नेमकी चाचणी मायकेल अर्विन यांच्या गटाने केली असून ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. साठ वर्षांवरील २९१ जणांना निद्रानाश होता, पण त्या वेळी नैराश्य नव्हते. काहींना सीबीटी-आय आणि काहींना झोपेविषयीचे माहितीवर्ग, असे दोन महिने दिले आणि तीन वर्षे लक्ष ठेवले. माहितीवर्गाच्या गटात २५.९ टक्के लोकांना नैराश्य आले किंवा उलटले, सीबीटी-आयच्या गटात १२.२ टक्के. आपले वय साठच्या आत असेल तर हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही, परंतु दिशा स्पष्ट आहे.

---

उत्तर: उलटी उशी

निद्रालेख यांनी चाचण्यांविषयी सविस्तर लिहिले आहे. मी सीबीटी-आय या उपचारातून गेलेली व्यक्ती म्हणून लिहिते. माझ्या बाबतीतही नैराश्य आधी गेले आणि झोप मागे राहिली. एका दवाखान्यात मला झोपेच्या चांगल्या सवयींचा छापील कागद हातात देऊन परत पाठवले होते. नंतर कळले की अनेक चाचण्यांत हाच कागद तुलनेच्या गटाला देतात, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली की खरा उपचार उठून दिसतो, असा उपचार! अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२१ मध्ये सांगितले आहे की केवळ या सवयींवर एकमेव उपचार म्हणून विसंबू नये. त्यामुळे दूध आणि मोबाइलविषयीचा आपला वैताग मला पुरेपूर समजतो.

आर्थर स्पीलमन यांनी मांडलेले एक प्रारूप मला फार उपयोगी पडले. त्यांच्या मते निद्रानाशात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: माणसाची मुळातली प्रवृत्ती, झोप पहिल्यांदा उडवणारा प्रसंग आणि ती उडालेलीच ठेवणाऱ्या सवयी. प्रसंग, म्हणजे आपल्या बाबतीत नैराश्य, निघून जातो. पण त्या काळात जडलेल्या सवयी जात नाहीत. झोप झाली नाही म्हणून आपण लवकर आडवे होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी थोडी भरपाई करतो आणि अशा रीतीने पलंगावर जागे राहण्याचे तास वाढवत नेतो. मला सोफ्यावर नऊ वाजता पेंग यायची, मान खाली पडायची. उठून पलंगावर गेले की दोन मिनिटांत टक्क जाग. शरीराने पलंगाचा अर्थच बदलून टाकला होता. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला उपाय याच गाठीवर आहे: झोप आली तरच पलंगावर जायचे, जाग लांबली की उठून दुसऱ्या खोलीत बसायचे आणि पुन्हा पेंग आली तरच परतायचे.

उपचाराचा दुसरा भाग अधिक कठीण आहे आणि तो वाचायला उफराटा वाटतो. झोप कमी पडते म्हणून आलेल्या माणसाला पलंगावरचा वेळ कमी करायला सांगतात. माझ्या दोन आठवड्यांच्या नोंदवहीत सरासरी नऊ तास अंथरुणात आणि पाच तास वीस मिनिटे प्रत्यक्ष झोप, असे निघाले. म्हणजे अंथरुणातील वेळेपैकी जेमतेम ५९ टक्के झोपेत जात होता. मला साडेपाच तासांची खिडकी ठरवून दिली: रात्री साडेबारा ते सकाळी सहा. पाच तासांच्या खाली सहसा कुणालाच उतरवत नाहीत. पहिला आठवडा उत्साहात गेला, दुसरा मात्र अगदी वाईट होता. रात्री अकरा वाजता मी भिंतीला टेकून उभी राहत असे, कारण बसले तर झोप लागेल याची खात्री होती, आणि गंमत म्हणजे कित्येक महिन्यांनी मला झोप ‘लागेल’ अशी भीती वाटत होती. तिसऱ्या आठवड्यात मधली जाग जवळपास नाहीशी झाली. मग झोपेचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर टिकले की पंधरा मिनिटे वाढवायची, असे करत आठव्या आठवड्यात मी पावणेसात तासांवर आले.

एक लहानशी, पण माझ्यासाठी निर्णायक गोष्ट: भिंतीवरचे घड्याळ आम्ही काढून ठेवले. आपण स्वतःचे नाव ‘साडेतीनची जाग’ असे घेतले आहे. साडेतीन वाजले हे आपल्याला दर रात्री कळते तरी कसे, याचा कृपया विचार करावा.

---

उत्तर: रात्रपाळीतली नोंद

झोपेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षे काम करत असल्यामुळे वरील दोन्ही उत्तरांच्या आधीचा एक प्रश्न मला विचारावासा वाटतो: हा निद्रानाशच आहे, हे कुणी तपासले आहे का? रुग्णाला आधी नैराश्याचे निदान झालेले असले की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जमा होते, हा माझा अनुभव आहे.

थकवा, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, सकाळी ताजेतवाने न वाटणे ही सारी लक्षणे झोपेतील श्वासरोधातही, म्हणजे स्लीप ॲप्नियातही, असतात. त्यात घशातील मार्ग झोपेत मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ अडतो, रक्तातील प्राणवायू खाली येतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. तासाला असे पाचाहून अधिक प्रसंग असले तर सौम्य, पंधराहून अधिक असले तर मध्यम आणि तीसहून अधिक असले तर तीव्र आजार मानतात. आपल्या वर्णनातील पहाटेची वेळ मला खटकली. स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात अधिक असते, आणि त्या अवस्थेत स्नायू सैल पडत असल्याने कित्येकांचा श्वास नेमका तेव्हाच अधिक अडतो. पहाटेची जाग हे नैराश्याचे जुने, पुस्तकी लक्षण आहे हे खरे; पण प्रत्येक पहाटेची जाग नैराश्याचीच असते असे नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर मोठ्या घोरण्याऐवजी निद्रानाश आणि थकवा हीच मुख्य तक्रार असू शकते, त्यामुळे त्यांचे निदान अधिक निसटते.

तपासणीची धास्ती वाटत असेल म्हणून सांगतो. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि पोटऱ्यांवर तारा चिकटवतो, छातीला व पोटाला पट्टे बांधतो, नाकाखाली हवेचा प्रवाह मोजणारी नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतो. ‘एवढ्या तारांत झोप कशी येणार?’ हे वाक्य मी दर रात्री ऐकतो, आणि सकाळी ‘मला अजिबात झोप लागली नाही’ असे सांगणाऱ्यांचा आलेख तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून वाचला की त्यात पाच तासांची झोप स्पष्ट दिसत असते. याचा अर्थ ती माणसे खोटे बोलतात असा मुळीच नव्हे. झोपेचा अनुभव आणि मेंदूचे आलेख यांत फरक पडू शकतो, आणि तो स्वतःच एक संशोधनाचा विषय आहे. साध्या निद्रानाशासाठी ही रात्रभराची तपासणी सहसा लागत नाही. ज्यांच्याबाबत श्वासरोधाचा संशय असतो त्यांच्यासाठी ती आहे. कित्येकांना घरी करायची छोटी तपासणीही पुरते.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात श्वासरोधाच्या २९३ रुग्णांपैकी २१३ जणांचे पीएचक्यू-९ चे गुण १० किंवा अधिक होते. तीन महिने दर रात्री सरासरी पाच तासांहून अधिक सीपॅप यंत्र (मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) वापरलेल्या २२८ जणांत असे फक्त ९ उरले. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यात तुलनेचा गट नव्हता आणि मुखवटा चिकाटीने लावणारी माणसे मुळातच बरी होण्याच्या वाटेवर असू शकतात, हेही लक्षात घ्यावे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. संध्याकाळी पायांत अस्वस्थता येऊन ते हलवत राहावेसे वाटते का, हे पाहावे. नैराश्याची काही औषधे, विशेषतः मिर्टाझापिन, हा त्रास वाढवू शकतात आणि शरीरातील लोहाचा साठा कमी असेल तर तोही कारणीभूत असतो, म्हणून फेरिटिन तपासतात. तसेच एस्सिटालोप्रामच्या जातीची औषधे रेम झोप दाबतात आणि काहींची झोप त्यांनी उथळ होते. गोळी सकाळी घेता की रात्री, हे आपण लिहिलेले नाही.

---

उत्तर: दोन ध्रुव

उलटी उशी यांचा अनुभव वाचून कुणी आज रात्रीपासूनच झोपेची खिडकी आखायला बसेल, अशी मला काळजी वाटते, म्हणून लिहितो. माझे निदान पूर्वी नैराश्य असे होते. आता द्विध्रुवीय विकार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी त्याच्या उलट उन्माद येणारा आजार, असे आहे. हे निदान बदलण्याला कारण झोपच ठरली. एका उपचारकाने, माझ्या आधीच्या इतिहासाची पुरेशी चौकशी न करता, मला पाच तासांच्या वर झोपू नका असे सांगितले. दहाव्या दिवशी मला थकवा येणेच बंद झाले. मी रात्री तीन वाजता कपाटे आवरत होतो, मनात एकामागून एक योजना येत होत्या, आणि सगळ्यांना वाटत होते की उपचार लागू पडला.

नैराश्य असलेल्या व्यक्तीला रात्रभर जागे ठेवले तर सुमारे निम्म्या लोकांचे मन दुसऱ्या दिवशी एकदम हलके होते, हे जर्मनीत पफ्लूग आणि टोल यांनी १९७१ मध्येच मांडले होते. मात्र पुढची झोप घेतली की बहुतेकांचे नैराश्य परत येते. म्हणजे झोप आणि मन यांचे नाते ‘जितकी झोप जास्त तितके मन बरे’ इतके सरळ नाही. आणि द्विध्रुवीय प्रवृत्ती असणाऱ्यांमध्ये हाच जागरणाचा झटका उन्मादाकडे ढकलू शकतो. ॲलिसन हार्वी यांच्या गटाने अशा रुग्णांसाठी सीबीटी-आयमध्ये फेरफार करून २०१५ मध्ये चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. त्यात झोपेचे तास फार न कापता उठण्या-झोपण्याच्या वेळा स्थिर करण्यावर भर आहे.

तेव्हा आपण स्वतःला हे विचारून पाहावे: आयुष्यात असा काही काळ आला होता का, जेव्हा झोप कमी असूनही थकवा नव्हता? निद्रानाशात झोप हवी असते आणि येत नाही. उन्मादात झोपेची गरजच वाटत नाही. बाहेरून दोन्ही ‘चार तास झोप’ असेच दिसते. फिट येण्याचा आजार असणाऱ्यांनी, आणि वाहन किंवा यंत्र चालवण्याचे काम करणाऱ्यांनीही झोप कापण्याचा उपाय देखरेखीशिवाय करू नये.

---

साडेतीनची जाग

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मध्यंतरी नोंदवही लिहीत होतो.

दोन ध्रुव यांच्या प्रश्नाचे उत्तर: तसा काळ आठवत नाही आणि घरच्यांनाही विचारून पाहिले, कमी झोपेनंतर मी नेहमीच पिचून गेलेला असतो. घोरण्याविषयी मात्र नवीन माहिती मिळाली. पत्नीने सांगितले की मी मोठ्याने घोरत नाही, पण पहाटे कधीकधी दचकून श्वास घेतो. इतकी वर्षे तिने हे सांगितले नव्हते, कारण मला वाईट स्वप्ने पडत असावीत असे तिला वाटत होते. पायांचा त्रास नाही. गोळी मी रात्री घेत होतो.

नोंदवहीत सरासरी अंथरुणातील वेळ पावणेनऊ तास आणि झोप पाच तास पस्तीस मिनिटे, म्हणजे सुमारे ६४ टक्के निघाली. आणि उलटी उशी यांचा टोमणा अचूक बसला: जाग आल्याबरोबर माझा हात पहिल्यांदा उशाजवळच्या घड्याळाकडे जातो, हे मी चौथ्या रात्री स्वतःला पकडले. घड्याळ आता कपाटात आहे. गेल्या आठ दिवसांत जाग आली, पण किती वाजले होते ते ठाऊक नाही, त्यामुळे नोंदवहीतील आकडे आता अंदाजाचे झाले आहेत. हे चालेल का? आणि अधूनमधून घेतलेली क्लोनाझेपामची गोळी या साऱ्यात कुठे बसते?

---

निद्रालेख

अंदाजाचेच आकडे हवे असतात. नोंदवही सकाळी उठल्यावर एकदाच भरायची, रात्री नव्हे.

गोळीविषयी: दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून सीबीटी-आयच द्यावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले आहे आणि युरोपीय मार्गदर्शनही तेच सांगते; औषधाचा विचार थोड्या काळासाठी आणि त्यानंतर. क्लोनाझेपामच्या वर्गातील औषधांवर सवय, अवलंबित्व आणि अचानक थांबवल्यास होणारा त्रास यांबाबतचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये अधिक कडक केला. आपण ती रोज घेत नसलात तरी ‘आजची रात्र वाईट जाणार’ असे वाटले की घेत असाल, तर प्रत्येक वेळी मनाला हाच धडा मिळतो की गोळीशिवाय झोप नाही. किती आणि कशी कमी करायची हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांशीच ठरवावे. स्वतःहून एकदम बंद करू नये. आणि पत्नीने सांगितलेले ‘दचकून श्वास घेणे’ तपासले जाईपर्यंत तर त्या गोळीबाबत अधिकच जपावे, कारण श्वासरोध असल्यास गुंगीची औषधे तो वाढवू शकतात.

---

रात्रपाळीतली नोंद

मीही हेच लिहिणार होतो. आपल्या डॉक्टरांना ‘झोप येत नाही’ असे न सांगता पत्नीने वापरलेले शब्द जसेच्या तसे सांगा, शक्य असल्यास तिलाच सोबत न्या. श्वासरोध निघालाच तर निद्रानाशाचा उपचार रद्द होत नाही; दोन्ही आजार एकत्र असणे फार सामान्य आहे आणि मग दोन्हींकडे पाहावे लागते. एस्सिटालोप्राम सकाळी घेता येईल का, हेही त्याच भेटीत विचारावे.

---

साडेतीनची जाग

पुढच्या आठवड्यातील भेट ठरली आहे. नोंदवही आणि पीएचक्यू-९ चा तो कागद दोन्ही बरोबर नेतो आहे. तिसऱ्या प्रश्नाखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. तपासणी झाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यास खिडकी आखताना झोप कोणत्या टोकाकडून कापायची, एवढेच उलटी उशी यांना विचारायचे राहिले. मी पहाटे आपोआप उठतोच, तर लवकर झोपून लवकर उठणे सोपे जाणार नाही का?

---

उलटी उशी

सोपे जाईल, पण त्यामुळे पहाटेची जाग पक्की होईल. उठण्याची वेळ जिथे हवी तिथे रोवायची, सुटीच्या दिवशीही तीच ठेवायची आणि कात्री लावायची ती झोपायला जाण्याच्या वेळेला. आपल्या आकड्यांनुसार सहाला उठायचे असेल तर रात्री सव्वाबाराच्या सुमारास. दहा ते सव्वाबारा या वेळात काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवा. माझे पहिले तीन दिवस त्यातच फसले होते.